वीतभर पाणी

दिवाळीच्या सुमारास घरोघर पाहुणे येतात. त्यांतले काही बोलावलेले असतात, काही न बोलावता येतात. आणि न बोलावता आलेल्यांचे आगतस्वागत कसे होते यावरूनच घराची पारख होते, असे जुनी माणसे म्हणत. नाशिक जिल्ह्याच्या दारी याच दिवसांत असे न बोलावलेले पाहुणे उतरू लागतात. कोणी सैबेरियातून येतो, कोणी मध्य आशियाच्या माळांवरून, कोणी हिमालयाची शिखरे ओलांडून, तर कोणी कच्छच्या रणातून. आपण इकडे चकलीच्या भाजणीत गुंतलेले असतो आणि तिकडे गोदावरीच्या पात्रावर रातोरात शेकडो पंख मिटत असतात. या पाहुण्यांना फराळ नको, आहेर नको. त्यांना हवे असते फक्त पाणी. आणि त्यांतल्या पुष्कळांना तेही फार नको असते. वीतभर पुरते.

या वीतभर पाण्यालाही एक इतिहास आहे. त्यात दुष्काळ आहेत, साहेबी अंमलातले इंजिनिअर आहेत, उसाचे मळे आहेत, कोर्टकचेऱ्या आहेत. पण तो सांगण्यापूर्वी वीत ही मोजपट्टी कोणाची, ते सांगितले पाहिजे.

पाण्यात पायांवर उभे राहून पोट भरणाऱ्या पक्ष्यांची एक मोठी बिरादरी आहे. बदक पोहते, खंड्या सूर मारतो, घार वरून झडप घालते. ही मंडळी मात्र चालत चालत जेवतात. म्हणून निसर्गाने त्यांना पंखांइतकेच पायही विचारपूर्वक दिले आहेत. चिखल्या ओल्या काठावर तुरुतुरु धावतो. तुतवार बोटभर पाण्यात चोच खुपसतो. काडीसारख्या तांबूस पायांचा शेकाट्या चार बोटे पाण्यात शिरतो. पांढराशुभ्र चमचा आपली चपटी चोच पाण्यात बुडवून डावीकडून उजवीकडे अशी फिरवीत जातो, जणू कोणी ताकात डाव फिरवीत आहे. त्याला वीतभर पाणी बरे वाटते. चित्रबलाक अर्धवट उघडी चोच पाण्यात धरून वाट पाहतो आणि मासा चोचीला लागताक्षणी ती मिटतो. सर्वांहून लांब पाय रोहिताचे. तो हातभर पाण्यातही सुखाने उभा राहतो. एकाच तळ्यावर सारे जेवतात. पंगत एकच, पण प्रत्येकाचे पान निरनिराळ्या खोलीवर मांडलेले. पाणी वीतभर चढले की अर्धी पंगत उठते आणि वीतभर उतरले की उरलेली अर्धी उठते. पाटबंधारे खात्याच्या दप्तरात पातळीचे आकडे असतात. या पक्ष्यांची पट्टी त्यांच्या पायांत असते.

त्यांतला रोहित हा तर पाहुण्यांतला लाडका. कोणी त्याला अग्निपंखही म्हणतात. उभा राहिला तर चार-पाच फूट उंच, अंग पांढरे, त्यावर गुलाबी झाक, आणि पंख उघडले की आत लालभडक रंग. तो मान खाली घालून चोच चक्क उलटी पाण्यात धरतो, चिखल-पाणी आत ओढतो आणि चोचीतल्या चाळणीने बारीक जीव व शेवाळ गाळून घेतो. त्याच्या अंगावरचा रंगही त्याला या अन्नातूनच मिळतो. अन्न बदलले तर रंग फिका पडतो. पुणे जिल्ह्यात उजनीच्या फुगवट्यावर भिगवणजवळ तो पुष्कळांनी पाहिला असेल, मुंबईकरांना तर ठाण्याच्या खाडीत त्याचे आणि त्याच्या धाकट्या भावंडाचे थवे परिचयाचे आहेत. नाशिककरांच्या वाट्याला मात्र तो क्वचित येतो. एखाद्या वर्षी येतो, एखाद्या वर्षी येत नाही. आला की वर्तमानपत्रात चित्र छापून येते आणि रविवारी दुपारी गंगापूर रोडवरच्या कितीतरी घरांत एकच बेत ठरतो: आज संध्याकाळी नांदूर मध्यमेश्वर.

आता कोणी म्हणेल, गंगापूर रोडच्या माणसाने पाणपक्षी पाहण्यासाठी चाळीसएक किलोमीटर पूर्वेला का जावे? त्याच्या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला तर धरणच आहे! शंका रास्त आहे. हा रस्ता अशोकस्तंभापासून निघतो आणि गोदावरीची सोबत करीत पश्चिमेकडे जातो. वाटेत आनंदवल्ली लागते. या गावाचे जुने नाव चौंढस. राघोबादादांनी आपल्या पत्नीच्या, आनंदीबाईंच्या, नावावरून त्याला आनंदवल्ली केले. पुढे सोमेश्वर, मग गंगापूर गाव आणि मग मातीचे विस्तीर्ण धरण. स्वातंत्र्यानंतरच्या उमेदीच्या काळात हे धरण उभे राहिले आणि १९६५ साली पुरे झाले. आज नाशिक शहर त्याचे पाणी पिते. पण ते पाणी खोल आहे. खोल पाणी माणसाच्या हिशेबाला बरे, कारण थोड्या जागेत पुष्कळ साठते आणि उन्हाने कमी उडते. बगळ्या-चमच्यांच्या हिशेबाला मात्र ते बिनपायऱ्यांच्या विहिरीसारखे. उन्हाळ्याच्या तोंडी धरण उतरू लागले की काठावर गाळाचे पट्टे उघडे पडतात आणि तेथे काही पक्षी दिसतात; परंतु सबंध तळेच उथळ असे तेथे काही नाही. नदीची शंभर मैलांची वाट पाहा, तिच्यावरची धरणे मोजा, आणि त्यांत उथळ पाणी कोठे आहे ते शोधा. म्हणजे बोट आपोआप नांदूर मध्यमेश्वरावर येऊन थांबेल.

निफाड तालुक्यातले हे गाव गोदावरी आणि कादवा या दोन नद्यांच्या संगमावर आहे. पंचवटीपासून नदीच्या धारेने खाली उतरले की येथे येते. रामकथा नाशिकच्या मातीत इतकी मुरलेली आहे की सोनेरी हरिणाची कथाही या परिसराशी लोकांनी जोडली आहे. आणि मौजेची गोष्ट अशी की, त्या कथेचा ग्रंथरूपाने जन्मच मुळी एका लांब पायांच्या पाणपक्ष्याच्या मृत्यूतून झाला. तमसेच्या काठी व्याधाने क्रौंचाच्या जोडीतला नर मारला, मादीचा आक्रोश वाल्मीकींनी ऐकला आणि शोकाचा श्लोक झाला, ही हकिगत शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. तो क्रौंच म्हणजे कोणता पक्षी, यावर पंडितांत वाद आहेत. संस्कृत वाङ्मयातल्या पक्ष्यांवर १९८५ साली मोठा ग्रंथ प्रसिद्ध करणारे के. एन. दवे यांनी वाल्मीकींच्या क्रौंचाचीही चर्चा केली आहे. इकडे गोदातीरीच, पैठणच्या सातवाहन हालाच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीत, कमळाच्या पानावर निश्चल बसलेली एक बलाका आहे. तेव्हा पाण्यात उभ्या राहिलेल्या पक्ष्याकडे टक लावून पाहणे ही साहेबाने शिकविलेली हौस आहे, असे कोणी समजू नये. दुर्बीण तेवढी त्याची.

परंतु आज नांदूर मध्यमेश्वरी जे तळे दिसते ते वाल्मीकींच्या वेळचे नाही, हालाच्या वेळचेही नाही. ते सव्वाशे वर्षांच्या आतले आहे आणि त्याचे मूळ दुष्काळात आहे.

सह्याद्री ओलांडला की पाऊस झपाट्याने उतरतो. त्र्यंबकेश्वरी धो धो कोसळणारा पाऊस निफाड-सिन्नरपर्यंत पोहोचताना हातचे राखून देतो, आणि पुढे कोपरगावच्या काळ्या रानात तर त्याचा भरवसा राहत नाही. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ, मग १८९६-९७ चा, आणि त्यातून माणसे सावरतात न सावरतात तोच १८९९-१९०० चा. या तीन घावांनी दख्खनचा कणाच मोडला. गुरे गेली, माणसे खडी फोडण्याच्या कामांवर गेली, गावे ओस पडली. तेव्हा सरकारला जाग आली आणि १९०१ साली सबंध देशाकरिता एक पाटबंधारे कमिशन नेमण्यात आले. १९०३ साली त्याचे काम संपले. दुष्काळी दख्खनमध्ये पाटाची मोठी कामे काढावीत, ती लगेच नफ्याची ठरली नाहीत तरी चालेल, हा विचार त्या सुमारास मान्य झाला. गोदावरीचे कालवे, प्रवरेचे कालवे, नीरेचा उजवा कालवा ही सारी त्या विचाराची लेकरे.

बंधारा ही वस्तू नाशिककराला नवी नव्हती. खानदेशात आणि नाशिकच्या उत्तर भागात लहान नद्यांवर दगडी बंधारे घालून, गावाने एकत्र बसून, फड पाडून पाणी वाटण्याची पद्धत कित्येक पिढ्या चालत आलेली होती. पुढे भारतरत्न झालेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ साली मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअर म्हणून लागले, तेव्हा त्यांची पहिली नेमणूक नाशिकलाच होती. आता मात्र काम गावाच्या आवाक्याबाहेरचे होते. १९०७ ते १९१३ या काळात गोदा-कादवा संगमापाशी दगडी बंधारा उभा राहिला आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी डावा आणि उजवा असे कालवे निघाले. वर इगतपुरी तालुक्यात दारणा नदीवर धरण झाले. ते १९१६ साली पुरे झाले. योजना अशी की, पावसाचे पाणी दारणेत साठवावे, हवे तेव्हा नदीत सोडावे, नदीनेच ते नांदूरपर्यंत वाहून आणावे आणि नांदूरच्या बंधाऱ्याने ते अडवून, उंचावून, कालव्यांत वळवावे. म्हणजे दारणा ही कोठी आणि नांदूर हा उंबरठा. धान्य कोठीत भरायचे असते. उंबरठ्यावर नुसते उतरवायचे.

या पाण्याने कोपरगाव-राहात्याकडचा मुलूख पालटला. जेथे बाजरी देखील पिकेल की नाही याची शाश्वती नव्हती, तेथे ऊस उभा राहिला, गुऱ्हाळे आली, पुढे साखर कारखाने आले. इंजिनिअर आपल्या कामात यशस्वी झाला. पण नदीचा एक हिशेब त्याच्या ताळेबंदात पुरता बसला नव्हता, आणि तो होता गाळाचा.

वाहत्या नदीच्या अंगात जोर असतो तोवर ती माती खांद्यावर घेऊन धावते. बंधाऱ्यापाशी येऊन ती थबकली की ओझे खाली ठेवते. दरसाल पावसाळ्यात गोदावरी सह्याद्रीची माती आणी, कादवा दिंडोरीकडची आणी, आणि दोघी मिळून ती नांदूरच्या उंबरठ्याशी टाकीत. दहा वर्षे झाली, वीस झाली, पन्नास झाली. पाणी पसरत गेले आणि उथळ होत गेले. मधूनमधून मातीची बेटे वर आली. त्यांवर लव्हाळा उगवला, काठाशी पाणकणीस माजले, पाण्याखाली पाणवनस्पतींची राने झाली. पाटबंधाऱ्याच्या दृष्टीने हे नुकसानच होते, कारण तलावाची साठवण वर्षावर्षाला घटत होती. कागदावर 'गाळाने भरत चाललेला तलाव' असा शेरा पडावा, अशी ही अवस्था.

पक्ष्यांनी कागद वाचला नाही. त्यांनी खाली उतरून पाय टेकवून पाहिले. कोठे बोटभर, कोठे वीतभर, कोठे हातभर. खाली मऊ गाळ, गाळात किडे, गोगलगायी, पाण्यात मासोळ्या, आजूबाजूला गहू-हरभऱ्याची शेते. त्यांना हवे ते सारे एकाच ठिकाणी होते. माणसाने भाकरीसाठी बांधलेले पाणी, माणसाच्याच हिशेबात चुकले आणि त्या चुकीच्या खात्यातून पाखरांचे एक गाव वसले. ते कोणी योजिलेले नव्हते, त्याचा पाया कोणी भरला नव्हता. इतिहासात राजांच्या आज्ञेने वसलेली शहरे पुष्कळ सापडतात. आज्ञेवाचून वसलेले हे गाव मला त्यांहून कमी वाटत नाही.

त्याची कीर्ती हळूहळू पसरली. शिकारी तेथे बदकांसाठी येत, मग हाती बंदुकीऐवजी दुर्बीण घेणारे येऊ लागले. पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली यांनी हे ठिकाण पाहून त्याची तुलना राजस्थानातल्या भरतपूरशी केली, असे नाशिककर अभिमानाने सांगतात, आणि 'महाराष्ट्राचे भरतपूर' हे बिरुद तेव्हापासून त्याला चिकटले आहे. १९८६ साली सरकारने नांदूर मध्यमेश्वर अभयारण्य जाहीर केले. त्याचे क्षेत्र १००.१२ चौरस किलोमीटर. त्याच वर्षी याच नदीवर खाली, पैठणजवळ, जायकवाडीच्या नाथसागरालाही पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. पुढे २०२० सालच्या जानेवारीत बातमी आली की, नांदूर मध्यमेश्वरचा समावेश रामसर यादीत झाला आहे. रामसर हे इराणातले, कास्पियन समुद्राच्या काठचे गाव. १९७१ च्या फेब्रुवारीत तेथे अनेक देशांनी मिळून पाणथळ जागा सांभाळण्याचा करार केला आणि भारत १९८२ साली त्यात सामील झाला. त्या यादीत नाव लागलेली महाराष्ट्रातली पहिली जागा नांदूर मध्यमेश्वर. यादीतले क्षेत्र १,४३७ हेक्टर, आणि नोंदलेल्या जीवजाती ५३६. तीत केवळ पक्षी नाहीत. बिबट्या आहे, चंदनाचे झाड आहे, आणि दारणेकाठच्या देवळालीचे नाव मिरविणारा एक चिमुकला मासाही आहे. १९३८ साली शास्त्रज्ञांनी त्याचे वर्णन केले आणि मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या प्रेटर यांचे नाव त्याला दिले. आज तो अतिशय संकटात सापडलेल्या जीवांपैकी एक आहे. गाळाने भरत चाललेल्या तलावाचा असा हा जागतिक सन्मान!

तेथली संध्याकाळ कशी असते, हे ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. थंडीच्या दिवसांत दुपारी तीनच्या सुमारास पोहोचावे. चापडगावच्या बाजूला वनखात्याचे निरीक्षण मनोरे आहेत. आसपासच्या गावांतली मुले वाटाडे म्हणून तयार झाली आहेत आणि त्यांची नजर आपल्या दुर्बिणीपेक्षा तिखट आहे. प्रथम पाणी रिकामेच वाटते. मग डोळा स्थिरावतो आणि ज्याला आपण ढेकळे समजत होतो ती ढेकळे हलू लागतात. तलवार बदकांचे थवे, जोडीजोडीने बसलेले तांबूस चक्रवाक, पाणकणसांतून डोकावणारी जांभळी पाणकोंबडी, काठाशी शेकाट्यांची लगबग. ऊन कलले की वर पाहावे. दलदलीवरचा भोवत्या पंख न हलविता लव्हाळ्यावरून तरंगत जातो आणि त्याच्या सावलीने सबंध काठ एकदम उडतो, एक फेरी घालतो आणि पुन्हा बसतो. कांड्या करकोच्यांचा थवा दूर शेतांवरून आवाज देत येतो. रात्र काढायला त्यांनाही उथळच पाणी लागते, कारण पाण्यात उभे राहिले म्हणजे कोल्ह्याची चाहूल पायांनाच लागते.

आणि रोहित? तो असलाच तर दूर, पाण्याच्या मध्यावर, बेटांच्या पलीकडे. दिवसा उन्हात तो पांढरा ठिपका असतो. सूर्य बुडता बुडता आकाशाचा आणि त्याचा रंग एक होतो आणि मग तो पक्षी कोठे संपतो व पाणी कोठे सुरू होते, ते कळत नाही. घरातले सारे जण मनोऱ्यावर एका दुर्बिणीसाठी हात पुढे करून उभे असतात. आजोबांना तो दिसला असे ते म्हणतात, धाकटीला दिसत नाही म्हणून ती रडवेली होते, कोणीतरी तिला उचलून घेते. अंधार पडतो, रातबगळे ओरडत बाहेर पडतात आणि मंडळी डब्यातली उरलेली शंकरपाळी खात गाडीकडे वळतात. कधी तो असतो, कधी नसतो. तो का नसतो, हा खरा प्रश्न आहे.

पुष्कळांना वाटते की दुर्मिळ पक्षी हा लहरी असतो. तो लहरी मुळीच नाही. रोहिताला वीतभर-हातभर पाणी पाहिजे आणि ते मिळाले तर तो येईल. न मिळाले तर वरून पाहून पुढे जाईल. नांदूरला ते मिळते की नाही, हे आज निसर्गापेक्षा दरवाजे ठरवितात. कालव्यांचे आवर्तन सुरू करायचे तर बंधाऱ्यात पाणी चढवावे लागते. आवर्तन संपले, पाणी उतरले की गाळ उघडा पडतो. म्हणून पक्षी पाहायला निघणाऱ्याने पंचांग चाळण्यापेक्षा आवर्तनाची चौकशी करावी, हे उत्तम.

शिवाय या उंबरठ्यावरून आता एक मोठा तंटाही वाहतो. खाली पैठणला जायकवाडीचे धरण आहे. त्याची कोनशिला १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते बसली आणि १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. मराठवाड्याची तहान त्या पाण्यावर. वरच्या नाशिक-नगरच्या धरणांत पाणी भरपूर आणि खालचे धरण रिकामे, अशी वर्षे आली तेव्हा भांडण पेटले. २०१३ साली मेंढेगिरी समितीने अहवाल दिला आणि त्याच्या आधारे जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने २०१४ च्या सप्टेंबरात आदेश काढला. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर वरच्या धरणांनी पाणी खाली सोडावे, हे त्यातले सूत्र. प्रकरण उच्च न्यायालयात गेले; २०१६ साली न्यायालयानेही समन्यायी वाटपाचे तत्त्व उचलून धरले. २०१५, २०१८ आणि २०२३ या वर्षी असे पाणी सोडण्यात आले, आणि तीनही वेळा ते दिवाळीच्या आगेमागेच.

तारखांचा हा मेळ लक्षात घेण्याजोगा आहे. ज्या पंधरवड्यात दूरदेशीचे पाहुणे नांदूरला उतरतात, त्याच पंधरवड्यात नाशिकचा शेतकरी, नगरचा ऊसवाला आणि मराठवाड्यातली घागर घेऊन उभी राहिलेली बाई, यांच्यात पाण्याची वाटणी व्हायची असते. गंगापूर-दारणेतून सुटलेले पाणी नांदूरच्या बंधाऱ्यावरूनच पुढे जाते. त्या बैठकीत शेतीची बाजू मांडली जाते, कारखान्यांची मांडली जाते, शहरांची मांडली जाते. आणि ती मांडलीच पाहिजे. मराठवाड्याच्या घशाला कोरड असताना रोहिताच्या पायांची काळजी करा, असे कोणी म्हणेल तर ते क्रूर ठरेल. पण या तळ्याला जगाच्या यादीत बसविल्यावर त्याची बाजू मांडणारे एखादे आसन त्या बैठकीत नको काय? पाणी कमी करा, असे त्याचे मागणे असणार नाही. किती सोडायचे ते माणसांनी ठरवावे; एकदम की हळूहळू, आज की आठ दिवसांनी, एवढेच त्याने विचारावे. पाहुण्यांना तेवढ्याने पुष्कळ फरक पडतो.

गाळाचेही तसेच. तलाव गाळाने भरला, तो उपसून खोल करा, अशी मागणी होते, आणि साठवण घटलेल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने ती चुकीची नाही. पण सगळा गाळ उपसला तर उरेल ते आणखी एक खोल तळे. तशी आपल्याकडे आहेत. उलट काहीच न करता हात बांधून बसले तरी चालणार नाही. शहराचे सांडपाणी नदीतून येते, त्यावर जलपर्णी माजते. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही निळ्या फुलांची वनस्पती पाण्यावर अशी गालिच्यासारखी पसरते की, खाली ऊनही पोहोचत नाही आणि पाय टेकवायलाही जागा राहत नाही. गाळ साचत राहिला तर आजचे तळे उद्या लव्हाळ्याचे रान आणि परवा माळ होईल. म्हणजे खोल केले तरी गेले आणि सोडून दिले तरी गेले. देवाचे नावच मध्यमेश्वर. हे तळेही तसेच मधल्या अवस्थेवर उभे आहे. जमीन नाही आणि डोह नाही, अशी ती अवस्था आपोआप आली खरी, पण आपोआप टिकणार नाही. तिला राखण लागते.

राखण सुटली म्हणजे काय होते, हे पाहायचे तर ज्या भरतपूरशी आपण स्पर्धा सांगतो तिकडेच पाहावे. तेही तळे माणसाचेच. अठराव्या शतकात सूरजमल जाटाच्या काळात अजान बांध घातला गेला आणि त्या पाण्यावर पुढे संस्थानिकांनी बदकांच्या शिकारीचे रान राखले. १९३८ सालच्या नोव्हेंबरात व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या मेजवानीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारल्याची नोंद आहे. मौज पाहा, एवढी हत्या होऊनही पक्षी पुढच्या वर्षी येतच राहिले, कारण पाणी होते. त्या पाण्यातला सर्वांत मानाचा पाहुणा म्हणजे सैबेरियाचा शुभ्र क्रौंच. हजारो मैलांवरून तो नेमका तेथेच येई. वाटेतल्या देशांत त्याची शिकार झाली, त्याची संख्या वर्षावर्षाला घटत गेली आणि २००१-०२ च्या हिवाळ्यात शेवटची जोडी भरतपूरला दिसली. त्यानंतर तो तेथे आला नाही. त्याच सुमारास, वरच्या पांचना धरणाच्या पाण्याच्या भांडणात, खुद्द ते तळेच कोरडे पडू लागले. शुभ्र क्रौंच एकट्या पाण्यावाचून गेला, असे म्हणता येणार नाही. पण जगातून ओसरत चाललेल्या पाहुण्याची शेवटची बसायची जागाही आपण नीट राखली नाही, हे खरेच. 'महाराष्ट्राचे भरतपूर' हे बिरुद मिरविताना त्या नावातला हा अर्धा इशाराही ऐकला पाहिजे.

अभयारण्याच्या हद्दीत शेते आहेत, माणसांची घरे आहेत. बंधने त्यांनी सोसली आहेत आणि हरभऱ्याचे कोंभही पाखरांनी त्यांचेच खाल्ले आहेत. आपण संध्याकाळी दोन घटका पाहुण्यांचे कौतुक करून परततो. यजमानपण बाराही महिने त्या गावांकडे असते. तेव्हा या दिवाळीच्या सुटीत जाल तर गावातल्याच वाटाड्याला बरोबर घ्या, त्याच्याच घरचा चहा घ्या, आणि मनोऱ्यावर गलका करू नका. रोहित दिसला तर भाग्य. न दिसला तर हिरमुसून परतू नका, खाली उतरून बंधाऱ्यापाशी जा, दारावर कोणी माणूस असेल त्याला विचारा, "भाऊ, आज पाणी किती?" तो आकडा सांगेल. तो आकडा मुलांना वहीत लिहून ठेवायला सांगा, आणि पुढच्या वर्षीचा त्याखाली. चार-पाच दिवाळ्यांनी त्या वहीत रोहिताचे येणे-न येणे आपोआप उलगडत जाईल, आणि कोणी सांगावे, पाण्याच्या वाटणीच्या बैठकीत ठेवायला त्या तळ्याजवळही एक कागद तयार होईल.